लशीच्या बाटलीभोवती जमणारी माणसं

मानमोडीची लस साधारण शंभर मात्रांच्या किंवा त्याहून मोठ्या बाटलीत येते. पूड द्रावणात मिसळल्यापासून दोनेक तासांत ती वापरून संपवावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. खुराड्यात दहा-बारा कोंबड्या असणाऱ्याने एकट्यानेच बाटली फोडली तर बहुतेक मात्रा फुकट जातात. नाही फोडली तर एखाद्या उन्हाळ्यात मानमोडी येते, कोंबड्यांच्या माना पिळवटतात, हिरवी हगवण लागते आणि आठवडाभरात आळीतली खुराडी रिकामी होतात. यावर मार्ग एकच आहे. आळीतल्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवायचा, सकाळी कोंबड्या बाहेर सोडायच्या आधी जमायचं, एकाने पिल्लू धरायचं आणि दुसऱ्याने त्याच्या डोळ्यात थेंब टाकायचा.

परसात कोंबड्या पाळणारी माणसं एकमेकांशी अशी बांधली जातात. कोंबडीला कुंपण कळत नाही. माझी कोंबडी तुमच्या परसात उकरते, तुमच्या खुराड्यातला आजार माझ्याकडे येतो. घरची कोंबडी खुडूक झाली आणि खाली ठेवायला अंडी नसली, तर शेजारणीची अंडी रवणीला ठेवायची आणि निघालेली पिल्लं अर्धीअर्धी वाटून घ्यायची. मुंगूस शिरलं तर रात्रीच आळीत हाकाटी होते. या नात्याला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. माझं म्हणणं असं आहे, की विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाला जो आधार लागतो तो अशाच नात्यांत मिळण्यासारखा आहे, आणि आपल्या तंबाखूविरोधी कामाने या नात्यांकडे अजून नीट पाहिलेलं नाही.

हे लिहिताना माझ्यासमोर करंजा आहे. पनवेलहून उरणला यावं आणि द्रोणागिरीच्या डोंगराच्या बाजूने खाडीच्या तोंडाशी उतरावं, तिथे हे कोळ्या-आगऱ्यांचं गाव आहे. पाण्यापलीकडे रेवस दिसतं. या तालुक्याने गेल्या चाळीस वर्षांत बंदर पाहिलं, गोदामं पाहिली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झालेली पाहिली. जमिनीचे भाव चढले तशी परसं आक्रसली. तरी परसातली कोंबडी संपलेली नाही. देशाच्या २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात निघाल्या, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. मोठ्या पोल्ट्रीच्या काळात ही वाढ झाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. मासेमारीच्या गावात तर कोंबडीचं पोट भरायला फार खर्च नाही. तांदळाची कणी, मासळीची डोकी, सुक्या जवळ्याचा चुरा एवढ्यावर गावठी कोंबडी भागवते. करंजात विडी सोडवणारा एखादा गट आधीच चालू आहे असा माझा दावा नाही. असा गट उभा राहायला जे लागतं ते अशा गावात तयार आहे, एवढंच मी म्हणतो.

आता विडीकडे वळू. महाराष्ट्रात धूम्रपान तुलनेने कमी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले, देशाचा आकडा १०.७ टक्के होता. तंबाखू खाणारे, लावणारे मात्र राज्यात २४.४ टक्के होते, त्यांच्याकडे पुढे येईन. ३.८ हा आकडा ऐकायला दिलासा देणारा आहे, पण ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी त्यात एक अडचण दडलेली आहे. अमेरिकेतल्या निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या अभ्यासकांनी फ्रेमिंगहॅम गावाच्या आरोग्य-नोंदींतून १२,०६७ माणसांच्या नात्यांचं जाळं १९७१ पासून २००३ पर्यंत तपासलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. माणसं सुटीसुटी सिगारेट सोडत नव्हती, ओळखीतल्या माणसांचे अख्खे घोळके एकदम सोडत होते. नवरा किंवा बायकोने सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि छोट्या ठिकाणी बरोबर काम करणाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. या अभ्यासावर आक्षेप आहेत. सारख्या सवयीची माणसंच मैत्री करतात, त्यामुळे कशाचा परिणाम कशावर झाला हे ठरवणं अवघड जातं, हा त्यातला मुख्य आक्षेप आणि तो रास्त आहे. पण त्यातलं दुसरं निरीक्षण मला अधिक बोलकं वाटतं. जे ओढत राहिले ते वर्षागणिक जाळ्याच्या कडेला ढकलले गेले, आणि त्यांच्या भोवती मुख्यतः ओढणारेच उरले.

करंजाच्या एखाद्या खलाशाचं हेच होतं. गावात ओढणारे थोडे, पण त्याच्या बोटीवर बरेच. रात्री जाळं टाकून बसल्यावर काडीपेटी एकाची, विडी दुसऱ्याची, आणि त्या दोन झुरक्यांत दिवसाचं सगळं बोलणं. टपरीवरही तसंच. विडी त्याला निकोटिन देते आणि माणसंही देते. त्याला विडी सोड म्हणताना आपण तीच माणसं सोड म्हणत असतो, आणि बदल्यात द्यायला आपल्याकडे पाकिटावरचं भयंकर चित्र असतं. २०१६ पासून ते चित्र पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलं जातं. ते असावंच. पण २०१६-१७ च्या त्याच तंबाखू पाहणीत देशातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांनी धूम्रपानाने गंभीर आजार होतात असं सांगितलं होतं, आणि ओढणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांच्या मनात सोडण्याचा विचार होता. म्हणजे माहिती पोचलेली आहे, इच्छाही आहे. एकट्याने, कसलीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्ष टिकणारे मात्र तीन ते पाचच असतात.

कायद्यानेही आपलं काम केलं. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी घातली, २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. एसटीतला धूर गेला. ज्यांना एसटीतला तो धूर आठवतो त्यांना ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळेल. पण कायद्याने न ओढणाऱ्याला वाचवलं. परसात, बोटीवर, पहाटेच्या अंधारात जो एकटा ओढतो त्याच्यापर्यंत कायदा पोचत नाही आणि पोचूही नये.

मग व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्था आहेत. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेलं 'मुक्तांगण' या बाबतीत महाराष्ट्राचा अभिमान आहे. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला बाहेर काढू शकतो हे तिथे रोज सिद्ध होतं. अभय बंग यांच्या पुढाकाराने गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेल्या 'मुक्तिपथ'ने दारू आणि तंबाखू हा गावाचा प्रश्न मानला, एकेका माणसाचा नव्हे. या दोन्ही कामांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण विडी ओढणारा माणूस या दारांपर्यंत जातच नाही. दारूने घर मोडतं, अब्रू जाते, म्हणून दारुड्याला कुणी तरी धरून नेतं. विडीने घर मोडत नाही. विडीवाला सकाळी कामाला जातो, संध्याकाळी पैसे आणतो, कुणाला मारत नाही. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतभरच्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांचं दहा वर्षांनी कमी झालेलं दिसलं, पण ती वर्षं शेवटी कापली जातात, आज नाही. स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यायला त्याला आज काहीच कारण दिसत नाही. व्यसनी लोकांच्या वर्तुळात बसून आपली कहाणी सांगायला तो तयार होत नाही, आणि मला ते समजू शकतं.

माझा मुख्य मुद्दा इथे येतो. या माणसाला असा गट हवा, जिथे तो विडीवाला म्हणून ओळखला जात नाही. जिथे त्याला विचारलं जाणारं पहिलं वाक्य 'आज किती ओढल्या?' हे नसून 'तुझ्या काळ्या कोंबडीचं काय झालं?' हे असतं. त्याच्या तिथल्या जागेला विडी सोडण्या-न सोडण्याने धक्का लागत नाही, म्हणून तो तिथे खरं बोलू शकतो. बायकोला खरं सांगितलं की मागच्या दहा भांडणांचा हिशेब निघतो. डॉक्टरांना खरं सांगितलं की ओशाळायला होतं. लस द्यायला जमलेल्या शेजाऱ्यांशी त्याचं भांडणही नाही आणि उपकारही नाहीत. 'काय रं दादूस, आज पन नाय ना?' एवढं एक वाक्य पुरतं, आणि लगेच पुढचं पिल्लू हातात येतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. धूम्रपान सोडताना जोडीदाराने किंवा सोबत्याने आधार द्यावा यासाठी मुद्दाम आखलेल्या कार्यक्रमांचे प्रयोग झाले आहेत. कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने ते सगळे एकत्र तपासले, आणि २०१८ च्या आढाव्यातही अशा कार्यक्रमांमुळे जास्त लोकांची सिगारेट सुटते असं दिसलं नाही. मग कोंबडीवाल्यांच्या प्रोत्साहनाचं एवढं कौतुक कशाला? हा प्रश्न मी टाळणार नाही. पण मला त्या निष्कर्षात माझ्या मुद्द्याचा विरोध दिसत नाही. तिथे आधार शिकवला गेला होता, नेमून दिला होता, बहुधा त्याच घरातल्या माणसाला. नेमलेला सोबती देखरेख करतो, आणि देखरेख माणसाला चोरून ओढायला शिकवते. जो आधार दुसऱ्याच कामातून आपोआप मिळतो त्याची चाचणी या प्रयोगांनी केलेली नाही. ती करायला हवी. माझा अंदाज असा, की ज्याच्यावाचून माझं काम अडतं त्याच्या मताची मला पर्वा असते, मग ते त्याने बोलून दाखवलं नाही तरी चालतं.

शिवाय कोंबडी पाळण्याचं काम विडीच्या वेळांवर येऊन बसतं. निकोटिनची लत किती खोल आहे हे मोजायला डॉक्टर फागरस्ट्रॉम यांच्या नावाची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यातला सगळ्यात जड प्रश्न हा, की उठल्यावर किती मिनिटांनी पहिली ओढता? पाच मिनिटांच्या आत ओढत असाल तर लत घट्ट आहे. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं, म्हणून पहाटेची तलफ सगळ्यात तीव्र. आणि पहाट ही कोंबड्यांचीही वेळ. खुराडं उघडल्याशिवाय त्या गप्प बसत नाहीत. पाणी बदलायचं, कणी टाकायची, रात्री कुठली उदास होती तिचा तुरा पाहायचा, खाली हात घालून अंडी काढायची. तलफेची एक लाट काही मिनिटांची असते. ती ओसरेपर्यंत दोन्ही हात गुंतलेले राहिले तर तेवढी निभते. संध्याकाळची दुसरी अवघड वेळ. तेव्हाही कोंबड्या मोजून आत घालायच्या असतात आणि एक कमी भरली तर आळीभर शोधत फिरायचं असतं. शोधताना चार घरी बोलणं होतं. सिगारेट सोडलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि मग दोन-चार आठवड्यांपर्यंत चिडचिड, बेचैनी, झोपमोड होते. त्या दिवसांत त्याला चार घरी फिरायला लावणारी कोंबडी ही फार मोलाची गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट परसातल्या माणसांना येते, ती उपदेश करणाऱ्यांना येत नाही. त्यांना अपयशाची सवय असते. रवणीला बारा अंडी ठेवली तर एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं निघत नाहीत. दोन अंडी गाभ न धरलेली असतात, एखाद्यातलं पिल्लू आतच मरतं, निघालेल्यांतलं एक घार उचलते, एक बोका. म्हणून कोणी कोंबडीला दोष देत नाही आणि पुढच्या वेळी अंडी ठेवायचं थांबवतही नाही. विडी सोडणाऱ्यालाही बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त प्रयत्न करावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या लग्नात त्याने ओढली, तर घरातले म्हणतात 'तुझ्याच्याने होणार नाही.' ज्यांनी आयुष्यभर रवणी मोजल्या आहेत ती माणसं म्हणतात, 'परत बसव.' या दोन वाक्यांत माणूस तरतो किंवा बुडतो.

कठीण दिवसही या गटाला ठाऊक असतात. २०२५ च्या जानेवारीत याच उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू आढळला आणि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ज्याच्या घरची कोंबडी गेली, त्याच्या नुकसानीची किंमत पैशात मांडून भागत नाही. अशा दिवशी सोडलेली विडी परत हातात येते, यात नवल नाही, कारण ताण हे पुन्हा ओढण्याचं मोठं कारण असतं. त्या दिवशी त्याच्या बाजूला उभा राहणारा माणूस कोण असेल? ज्याचंही खुराडं त्याच सकाळी रिकामं झालं तोच.

कोंबडीपालन फुफ्फुसाला मात्र निरुपद्रवी नाही, हेही सांगायला हवं. ओल्या विष्ठेतून अमोनिया उठतो, पिसांची आणि तुसाची धूळ उडते, आणि ज्याची श्वासनलिका विडीने आधीच जळलेली आहे त्याला ती जास्त बाधते. विडी सोडल्यावर श्वासनलिकेतली लव पुन्हा कामाला लागते, म्हणून काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो. लोक समजतात विडी सोडल्याने आजारी पडलो. खुराडं झाडताना नाकातोंडाला फडकं बांधावं, तूस कोरडं ठेवावं. कोंबडीचं स्वतःचं फुफ्फुस तर आणखी नाजूक. तिच्या शरीरात हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात आणि धूर तिला माणसापेक्षा लवकर लागतो. जुन्या काळी कोंबड्यांच्या उवांवर तंबाखूचा उपाय करत. अमेरिकेत 'ब्लॅक लीफ ४०' नावाचं ४० टक्के निकोटिन सल्फेटचं औषध कोंबड्यांच्या बसायच्या दांड्यांना लावत, रात्री अंगाच्या उबेने त्याची वाफ होई आणि पिसांतल्या उवा मरत. निकोटिन हे मुळात कीटक मारायचं विष आहे हे शेतावरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

आतापर्यंत मी 'तो' म्हणत आलो. खरं तर परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायका पाळतात. कणी त्या टाकतात, अंडी त्या मोजतात, गावठी अंड्यांचे पैसे त्यांच्या हातात येतात. म्हणजे विडी सोडणाऱ्या पुरुषाला या गटात सांभाळून घेणाऱ्या मुख्यतः आया, काकी, भावजया, शेजारणी असणार. आणि यांतल्या कित्येकींच्या हातात सकाळी मिश्री असते. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड दातांना लावल्याशिवाय त्यांचं तोंड उघडत नाही. मघाच्या २४.४ टक्क्यांत या बायका आहेत. मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. तिने होणारे तोंडाचे कर्करोग पनवेल तालुक्यात खारघरला टाटा रुग्णालयाच्या 'ॲक्ट्रेक' केंद्रात पाहायला मिळतात, करंजापासून ते लांब नाही. तेव्हा पुरुषाची विडी सोडवायला बायकांचा आधार घ्यायचा आणि त्यांच्या मिश्रीबद्दल कोणी ब्र काढायचा नाही, हा अन्याय मला मान्य नाही. काकी त्याला विचारणार असेल तर त्यानेही काकीला विचारावं. दोघांची पहाट सारखीच अवघड आहे, दोघांची खुराडी शेजारी आहेत. प्रोत्साहन एका बाजूने वाहिलं की ते लवकरच शिकवणी होऊन बसतं.

संगतीने सगळं होईल असंही मी मानत नाही. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी वापरल्याने सोडण्याची शक्यता साधारण दीडपट होते. दोन मिलिग्रॅमचं च्युइंगम औषधाच्या दुकानात सहज मिळतं, पण ते कसं चघळायचं, म्हणजे थोडं चावून गालात धरायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, त्यावर सल्ला मिळतो. माझी सूचना साधी आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस घेऊन जो कर्मचारी आळीत येतो, त्याच सकाळी आरोग्य केंद्रातली आशाताईही यावी. लोक जमलेलेच आहेत, कोणाला व्यसनी म्हणून बोलवायचं नाही, एका कोपऱ्यात च्युइंगम समजावून सांगायचं. दोन खाती एका अंगणात आणणं आपल्याकडे अवघड असतं, पण ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर ते जमण्यासारखं आहे.

कधी करायचं याचं उत्तर करंजासारख्या गावात दर्याने दिलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागतात, खलाशी घरी असतो, जाळी दुरुस्त होतात. बोटीवरच्या काडीपेटीपासून तो वर्षात एवढा दूर एरवी कधीच नसतो, आणि पावसाळ्यात खुराड्याचं काम तर वाढलेलं असतं, कारण ओल आली की रक्ती हगवण येते. निकोटिनची शारीरिक ओढ उतरायला लागणारे आठवडे या बंदीत आरामात बसतात. घात होतो तो नंतर. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोटी परत बाहेर पडतात आणि पहिल्याच रात्री जाळं टाकून झाल्यावर कोणी तरी पाकीट पुढे करतं. तिथे काकी नसते, खुराडं नसतं, पंधरा-वीस पावलांच्या बोटीवरून उठून जायला जागा नसते. एकट्या खलाशाने तिथे नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांतून उठून जाणं. म्हणून परसातल्या गटात एकाच बोटीवरची निदान दोन माणसं असायला हवीत, त्यांतला एक तांडेल असला तर उत्तम, कारण बोटीवर त्याचा शब्द चालतो. नाखवानेही त्या फेरीच्या सामानात बर्फ आणि डिझेलबरोबर च्युइंगमची पाकिटं भरावीत. आणि कोणी कोणासोबत सोडायची हे मे महिन्यातच ठरलेलं असावं, शेवटच्या लशीच्या दिवशी, बोटी वर ओढायच्या आधी.